घरचा पॉवर टिलर चालवताना : चिखलात उतरण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

रोहिणी लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. कोणाचे बैल विकले गेलेत, कोणाला जोत धरायला गडी मिळत नाही, कोणी चाकरमानी चार दिवसांची रजा टाकून आलाय आणि भावकीतला टिलर (मागून चालत धरायचं नांगरटीचं यंत्र) पडवीत उभा आहे, पण त्याला हात लावायची भीती वाटते. राजापूर-देवगडच्या पट्ट्यात गेले बारा पावसाळे मी टिलर धरतोय, घरच्या कुणग्यांत (भाताच्या लहान खाचरांत) आणि बोलावतील तिथे. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. नांगरट चांगली कशी करावी हे इथे सापडणार नाही. दहा बोटं घेऊन गेलात तर दहा घेऊन परत कसं यायचं, एवढंच आहे.

टिलर आणि विडर एकच ना?

बोलताना आपण दोघांनाही टिलरच म्हणतो, पण त्यांचे स्वभाव वेगळे. मोठा टिलर डिझेलवर चालतो, साधारण 12 ते 15 एचपीचा. त्याला स्वतःची चाकं असतात, रोटाव्हेटर (माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांचा भाग) मागे असतो आणि वजन 400 किलोच्या पुढेमागे. विडर बहुतेक पेट्रोलचा, 5 ते 7 एचपीचा, आणि त्यात चाकांच्या जागीच पाती बसवतात. म्हणजे जमीन कापणारी पातीच त्याला पुढे ओढतात.

म्हणून टिलर अंगावर आला तर चिरडतो आणि विडर उसळतो. खाली जांभ्याचा कातळ किंवा काजूचं मूळ लागलं की पाती जमिनीत न घुसता तिच्यावरून धावतात आणि हँडल हातातून हिसकतं. विडरच्या मागे जमिनीत रुतणारा एक लोखंडी दांडा असतो. तो खाली घेतला की यंत्राचा वेग आवरतो आणि पाती खोल जातात. आमच्याकडे तो 'नुसता अडतो' म्हणून पहिल्याच दिवशी काढून गोठ्यात टाकतात. शोधून आणा आणि परत लावा.

सगळ्यात जास्त इजा कशाने होते?

चालवताना कमी होते, अडकलेलं काढताना जास्त. मी ऐकलेल्या आणि पाहिलेल्या बहुतेक गोष्टी इथेच येऊन थांबतात. पात्यांत गवत गुंडाळतं, वेल गुंडाळतात, खताच्या गोणीचा तुकडा येतो. किनाऱ्याला तर आणखी एक भानगड आहे. माकडांसाठी नाहीतर गुरांसाठी आगराला (माडा-पोफळीच्या बागेला) जुनी मासेमारीची जाळी लावलेली असतात. पावसाने ती खाली लोळतात आणि नायलॉन एकदा शाफ्टला लागला की असा आवळतो की इंजिन गुदमरतं. मग माणूस काय करतो? क्लच सोडतो, इंजिन स्लोवर ठेवतो (पुन्हा हँडल कोण मारणार!) आणि वाकून हात घालतो.

पाती थांबलेली दिसली तरी इंजिन चालू असेल तर ती थांबलेली नाहीत, वाट बघतायत. गिअर नीट सुटलेला नसतो, क्लच थोडा धरत असतो, किंवा शेजारी उभा असलेला पुतण्या 'मदत' म्हणून लिव्हर हलवतो. नायलॉन तोडला की आवळून बसलेला शाफ्ट एकदम मोकळा होतो आणि पाव फेरा फिरतो. बोटाला पाव फेरा पुष्कळ झाला.

करायचं ते असं. यंत्र सपाटीवर आणा. गिअर न्यूट्रल करा, रोटाव्हेटरचा वेगळा गिअर असेल तर तोही काढा. इंजिन बंद करा. पेट्रोलचा विडर असेल तर स्पार्क प्लगची टोपी उपटून बाजूला ठेवा. मग कोणी दोरी ओढली तरी ते सुरू होणार नाही. मागची बाजू उचलायची असेल तर खाली लाकडी ठोकळा द्या, नुसतं कोणाला धरायला सांगू नका. मग काठीने सोडवा, न सुटेल ते कोयत्याने कापा आणि कापताना धार स्वतःकडे ओढू नका.

काठीवरून आठवलं. माझा भाचा अमेरिकेत राहतो. तिकडे थंडीत दारासमोरचा बर्फ काढायला एक मागून ढकलायचं यंत्र असतं. पुढे फिरणारा पेच बर्फ आत घेतो आणि वरच्या नळीतून लांब फेकतो. ओला बर्फ नळीत अडकतो, आणि तिथलेही लोक त्यात हात घालून बोटं गमावतात. म्हणून त्या यंत्राला कंपनीच एक प्लॅस्टिकची काठी अडकवून देते. त्याने फोटो पाठवला तेव्हा मी उठून पडवीत गेलो. आमच्या टिलरवरही हात घालू नका असं चित्र होतं, वाळल्या चिखलाखाली. ते पुसलं आणि त्याच दिवशी करवंदीची एक काठी तोडून हँडलला सुतळीने बांधली. काठी समोर असली की हाताऐवजी ती पुढे जाते. नसली की कोण मेरेवर (बांधावर) जाऊन शोधतो?

हँडलवरचा लिव्हर सतत दाबून हात दुखतात. बांधून ठेवला तर चालेल?

नाही. विडरवर जो लिव्हर दाबून धरावा लागतो तो तुम्ही पडलात तर यंत्र थांबावं यासाठीच आहे. तुम्हाला त्रास देणं हेच त्याचं काम.

माझ्या चुलतभावाने तो सुतळीने बांधला होता. आषाढातला दिवस, गुडघाभर चिखल. त्याचा पाय रुतला, तो तोंडावर आपटला आणि विडर एकटाच पुढे गेला, मेर फोडून खालच्या कुणग्यात. खालच्या कुणग्यात काकी तरवा (भाताची रोपं) सोडवत बसल्या होत्या. यंत्र त्यांच्यापासून दोन हातांवर उताणं पडलं आणि पाती हवेत फिरत राहिली. काकींनी त्यावर भावाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुतळी त्यांनी स्वतःच्या कोयत्याने कापली.

हात दुखत असतील तर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. पंजात मुंग्या येत असतील तर ती हादऱ्यांची खूण आहे, तेव्हा थांबावंच. लिव्हरची तार आणि सांधे गंजले की तो अवजड होतो. थोडं ऑइल सोडलं तर निम्मी तक्रार जाते.

रिव्हर्स घेताना काय बघायचं?

आधी रोटाव्हेटर बंद, मग रिव्हर्स. बऱ्याच टिलरमध्ये रिव्हर्स गिअर टाकला की रोटाव्हेटर चालू राहू नये अशी सोय असते, पण जुन्या यंत्रात ती झिजलेली किंवा कोणी काढून टाकलेली असते. विकत किंवा भाड्याने आणताना एकदा तपासा. रिव्हर्समध्ये हँडल वर उसळतं आणि यंत्र तुमच्याच पायांवर येतं. पाठीमागे मेर, माड किंवा विहिरीचा कठडा असेल तर रिव्हर्स घेऊच नका. गडी बोलवा आणि यंत्र हाताने वळवा. दोन वस्तूंमध्ये अडकलेल्या माणसाला क्लचपर्यंत हात नेता येत नाही.

उतारावर टिलर उलट्याच बाजूला वळला. बिघाड आहे का?

बिघाड नाही. हा टिलरचा स्वभाव आहे आणि तो न सांगता लोक यंत्र विकतात, याचा मला राग आहे.

टिलरच्या दोन्ही मुठींखाली स्टीयरिंग क्लच असतात. डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं चाक ढकलत राहतं आणि टिलर डावीकडे वळतो. सपाटीवर आणि चढावर हे बरोबर चालतं. उतारावर मात्र इंजिन चाकांना ढकलत नसतं, उलट मागे धरून ठेवत असतं. तिथे डावा क्लच दाबलात की डावं चाक मोकळं सुटून जोरात घरंगळतं, उजवं इंजिनने धरलेलं राहतं, आणि टिलर उजवीकडे फिरतो. माणूस घाबरून डावा आणखी जोरात दाबतो. आपल्याकडच्या पाणंदी किती अरुंद आणि एका अंगाला व्हाळ (ओढा), म्हणजे पुढे काय होतं ते सांगायला नको.

म्हणून उतार उतरताना पहिला गिअर, इंजिन स्लो, आणि स्टीयरिंग क्लचला हात नाही. वळवायचं तर हँडल अंगाने ढकलून वळवा. उतारात मेन क्लच सोडू नका, गिअर बदलू नका. यंत्र न्यूट्रलला गेलं की ते तुमचं राहत नाही. पहिल्यांदा चालवणार असाल तर लावणीच्या गडबडीत शिकू नका. मे महिन्यात कोरड्या मळ्यात, सौम्य उतारावर, रोटाव्हेटर बंद ठेवून दहा वेळा खालीवर करा. हाताला एकदा कळलं की विसरत नाही.

एका कुणग्यातून दुसऱ्यात नेताना?

आपले कुणगे पायऱ्यांसारखे, आणि मेर कधी गुडघ्याएवढी तर कधी कमरेएवढी. गुडघ्याच्या खालची मेर असेल तर फळ्या टाका, दोन्ही चाकांना एकेक, दोन्ही सारख्या लांबीच्या. फणसाच्या जाड फळ्या उत्तम. जुनी दारंही चालतात, पण शेवाळ खरवडून घ्या. रोटाव्हेटर बंद. मेरेला काटकोनात जा, तिरकं गेलात की टिलर कुशीवर पडतो. उतरत असाल तर खाली समोर कोणी उभं राहू नये, 'धरतो' म्हणणारा तर नकोच. कमरेएवढी मेर असेल तर लांबून पाणंदीने वळसा घ्या, अर्धा तास गेला तरी.

खाजणातल्या (खाडीकाठच्या) खार जमिनीत टिलर बुडतो. केज व्हील (चिखलासाठीची लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावूनही बुडत असेल तर तिथे तो घालू नका. रुतलेला टिलर पाचजण मिळून ओढताना पाठी धरतात, आणि ओढणाऱ्यांच्या नादात इंजिन कोणी बंद केलेलं नसतं.

हँडल मारून सुरू करताना मनगटाला झटका बसला. काय चुकलं?

बहुतेक अंगठा. डिझेलचं हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. इंजिन उलट फिरलं तर हँडल हातातून निसटून जातं. अंगठा आड आला तर तो किंवा मनगट मोडतं. हँडलचं तोंड झिजून गोल झालं असेल तर बदला. सुरू करण्यापूर्वी गिअर न्यूट्रल आहे याची खात्री हाताने हलवून करा. गिअरमध्ये सुरू झालेला टिलर ज्याने हँडल मारलं त्याच्याच अंगावर येतो.

पेट्रोलच्या विडरला दोरी असते. आधी ती हळूच, अडेपर्यंत ओढा, मग एका दमात. पाय पात्यांपासून लांब.

चिखलात बूट घालू की अनवाणी?

पुस्तकात गमबूट लिहिलेले असतात. ज्याने ते लिहिलं त्याने चिखलणी केलेली नसावी. सैल गमबूट गुडघाभर चिखलात रुतून बसतो, पाय तेवढा वर येतो, आणि तुम्ही चालत्या यंत्रामागे तोल सांभाळत राहता. तरीही मी अनवाणी सांगणार नाही. पायाला घट्ट बसणारे, पोटरीपर्यंतचे बूट घ्या, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधा. कोरड्या जमिनीत, काजू-आंब्याच्या बागेत, पुढे टणक टोपी असलेले बूटच हवेत.

आणखी एक कारण लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं. उंदरा-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो जंतू पायावरच्या लहानशा जखमेतून आत जातो, आणि भातलावणीचे दिवस हेच त्याचे दिवस. पायाला चीर असेल तर झाकून उतरा. काम झाल्यावर साबणाने पाय धुवा. लावणीच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा. स्वतःच्या मनाने घेऊ नका. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यांतलं काही दिसलं तर 'भिजल्यामुळे आलाय' म्हणून काढा पीत बसू नका. डॉक्टरांना आपण चिखलात होतो हे आवर्जून सांगा.

बाकी कपडे अंगाशी धरून असावेत. लुंगी नको, पंचा नको, गळ्यात लोंबणारा टॉवेल नको, वाऱ्याने फडफडणारी प्लॅस्टिकची खोळ तर अजिबात नको. कानांत बोंडं घाला. 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर कान जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. आमच्या वाडीतले जुने टिलरवाले फोनवर ओरडून का बोलतात, ते यावरून समजा.

बायकांना चालवता येतो का?

येतो. पुरुषमाणूस मुंबईला आणि शेत बायकांच्या जिवावर, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. मग यंत्र मात्र पुरुषांचं, हे कोणी ठरवलं? विडरला ताकद कमी आणि तोल जास्त लागतो. हँडलची उंची बदलता येते, ती आपल्या कमरेइतकी करून घ्या. बहुतेक यंत्रं पुरुषाच्या उंचीला बसवून आलेली असतात आणि कोणी ती बदलत नाही. साडी कासोटा घालून नेसली तरी ओला पदर सुटतोच, त्यापेक्षा सलवार किंवा ट्रॅक पँट. हातातल्या बांगड्या आणि गळ्यातलं मंगळसूत्र घरी काढून ठेवता येत नसेल तर आत खोचा, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट.

पाऊस आहे म्हणून मांगरात (शेतावरच्या खोपीत) सुरू करून बघितला तर?

दोन मिनिटंसुद्धा नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, आणि बाहेर पडायची बुद्धी होईपर्यंत पाय चालत नाहीत. पडवीला एक बाजू उघडी असली तरी वारा धूर घरात ढकलतो. विहीर उपसायला इंजिनचा पंप आत उतरवणं हीही तीच चूक, आणि ती जास्त जीवघेणी.

तेल भरताना इंजिन बंद करून निवू द्या, दहा-पंधरा मिनिटं तरी. तेवढ्यात चहा होतो. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. पोरं तहानलेली असतात आणि बाटली ओळखीची दिसते.

साप, वीज?

जुन्या मेरा आणि जांभ्याच्या गडग्यांत (दगडी कुंपणांत) फुरसं असतं. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून गवत काढायला वाकाल तेव्हा आधी काठी फिरवा. चावलं तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मंत्र नाही. हातपाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही.

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा जास्त. गडगडाट ऐकू आला की टिलर जागेवर सोडून पक्क्या घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. माडाखाली उभं राहू नका. मोबाइलवर 'दामिनी' ॲप असावं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे आणि फुकट आहे.

अपघात झालाच तर?

पहिलं काम इंजिन बंद. पात्यांत पाय अडकला असेल तर यंत्र रिव्हर्स घेऊन सोडवायला जाऊ नका, जखम दुप्पट होते. बेल्ट सैल करा, पाती हाताने उलट फिरवा किंवा पातीचे बोल्ट खोला. पाने आणि पक्कड शेतावर असावीत, घरी नव्हे. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. हळद, चहापूड, डिझेल काहीही लावायचं नाही. 108 ला फोन करा आणि कोणालातरी मुख्य रस्त्यावर उभं करा, कारण आमच्या वाड्या गाडीवाल्याला सापडत नाहीत.

बोट तुटलं असेल तर ते चिखलात सोडून येऊ नका. चिखल पाण्याने हलकेच जाईल तेवढा जाऊ द्या, घासू नका. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट बोटाला लागता कामा नये. बर्फ कुठून आणायचा? बंदरावर नाहीतर मासळीवाल्या काकूंकडे. कोकणात ही एक गोष्ट लवकर मिळते. जखम लहान असली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच.

या सगळ्यासाठी दुसरा माणूस लागतो, म्हणून एकट्याने चालवू नका. सड्यावर (कातळाच्या माळावर) रेंज नसते, हे वेगळं सांगायला नको.

ग्रासकटरलाही हेच नियम का?

बरेचसे. फरक एवढाच की तो दगड फेकतो. माणसं आणि गुरं 15 मीटर लांब, डोळ्यांना चष्मा, आणि लोखंडी पातं लावून गडग्याजवळ जायचं नाही.

अनुदान मिळतं का?

मिळतं, महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर) अर्ज करून. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र खरेदी करू नका. सातबारावर वीस नावं असतील तर, अर्थात, त्या वीसजणांच्या संमतीचा अपघात आधी पार पाडावा लागू शकतो.

हंगाम संपल्यावर कसा ठेवायचा?

चिखल वाळण्याआधी धुवा, पण इंजिन निवल्यावर. तापलेल्या सिलेंडरवर गार पाणी मारू नका. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत लोखंड डोळ्यांदेखत खातं, म्हणून पाती आणि उघडे शाफ्ट पुसून ऑइलचा हात फिरवा. पेट्रोलचा विडर असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं आणि पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा जातो. एअर क्लीनरच्या तोंडाला फडकं बांधा, नाहीतर उंदीर आत संसार मांडतात. आणि चावी किंवा प्लगची टोपी काढून घरात ठेवा. गणपतीत घर पोरांनी भरतं आणि पडवीतला टिलर त्यांना घोड्यासारखा दिसतो.

हँडलला बांधलेली काठी तेवढी टिकत नाही. आमच्याकडे ती दरवर्षी दिवाळीच्या सुमारास चुलीत जाते, कोण घालतं ते कोणी कबूल करत नाही. मृगाच्या आदल्या दिवशी मी नवी तोडतो.